बायबलच्या जुन्या करारातला देव इतका रागीट, मग रविवारच्या शाळेत मुलांना त्याच्याविषयी काय सांगायचं?

'रागीट' हे नुसतं ऐकीव आहे. आमच्या मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ हेच सांगत आले, आणि त्यांच्याशी माझं कधीच पटलं नाही.

माझे वडील गेले तेव्हा आईने अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड करून पडायची, ताट तसंच परत यायचं. हे गृहस्थ सांत्वनाला आले, लांबलचक प्रार्थना केली आणि उठता उठता म्हणाले, "विश्वासणाऱ्यांनी असं हातपाय गाळू नयेत, देवाला आवडत नाही." आई उशीत तोंड खुपसून रडायला लागली. मी तिथल्या तिथे 'पहिले राजे' या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय काढून त्यांच्यापुढे धरला. कोकणातले बेने इस्राएली ज्यू ज्याच्या नावाने मलिदा करतात, तोच हा एलीया संदेष्टा. ईजबेल राणीच्या धाकाने तो बैर-शेबाच्या पुढे रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता मरण दे. देव त्याला रागे भरतो का? नाही. झोपू देतो. देवदूत हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो पुन्हा आडवा होतो, तरी त्याला कोणी बोल लावत नाही. दुसऱ्यांदा उठवून एवढंच सांगणं, की खाऊन घे, वाट लांबची आहे. 'इथे काय करतोस?' हा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. कामाला लावतो तेही तिथेच.

"तो संदेष्टा होता," म्हणाले आणि चपला घालून निघाले. रात्री शेजारच्या मावशींनी पेज आणून आईला चमच्याने भरवली. शास्त्र त्यांनाच जास्त कळलं होतं, असं मी आजही म्हणते.

तर मुलांना काय सांगायचं? धाकट्या वर्गाला होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय सांगा. एफ्राईमला, म्हणजे इस्राएल लोकांना, मी चालायला शिकवलं, हाताला धरलं, वाकून भरवलं, असं देव तिथे बोलतो. शिक्षा समोर असतानाच 'तुला कसा सोडू?' म्हणून कळवळतो. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ४६व्या अध्यायात, पोटात होता तेव्हापासून केस पिकेपर्यंत उचलून नेईन म्हणतो.

हो, कनानातल्या लढाया आहेत, जलप्रलय आहे. होशेयच दोन अध्यायांनंतर देवाला पिल्लं हिरावलेल्या अस्वलीसारखा खवळलेला दाखवतो. हे मोठ्या वर्गाबरोबर वाचा, एकही ओळ न गाळता. पण रडणाऱ्या पोराला 'देवाला आवडत नाही' म्हणून गप्प करणारं कोणी तुमच्या वर्गात असेल, तर त्याच्यापुढे ८८ वं स्तोत्र उघडा. पहिल्या ओळीपासून आकांत, शेवटची ओळही अंधाराचीच, आणि तरी ते उपासनेत गाण्यासाठीच लिहिलेलं आहे.