‘गेले’ आणि ‘केले’

प्रश्न : अहमदाबाद विमान अपघाताचा प्राथमिक अहवाल १२ जुलै २०२५ला आला आणि त्याच दिवशी टीव्हीवर ‘पायलटनेच इंधन बंद केलं’ सुरू झालं. माझा भाचा वैमानिकाचं प्रशिक्षण घेतोय. बहिणीची झोप उडाली आहे. अहवालात खरंच तसं म्हटलंय का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. अहवाल पंधरा पानांचा आहे. मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून (चालू) ‘कटऑफ’वर (बंद) गेले, असं त्यात लिहिलंय. गेले. कुणी नेले, हे लिहिलेलं नाही. बातम्यांत या ‘गेले’चे ‘केले’ व्हायला संध्याकाळसुद्धा लागली नाही.

दुसरी गोष्ट कॉकपिटमधल्या संवादाची. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, बंद का केलंस; दुसरा म्हणतो, मी नाही केलं. दोन तासांच्या ध्वनिमुद्रणातली ही दोन वाक्यं, तीही अवतरणचिन्हांशिवाय, सारांशाने दिलेली. विचारणारा कोण, उत्तर देणारा कोण, तेही नाही. वाहिन्यांनी मात्र दोन फोटो लावून वाक्यं वाटूनही टाकली!

हँगरमध्ये एकतीस वर्षं काढली, असे स्विच रोज हाताळले. स्विचचं डोकं चिमटीत धरून वर उचलायचं, खाचेवरून पार करायचं, मग खाली सोडायचं. बाही अडकून किंवा धक्का लागून ते सरकत नाहीत. त्यामुळे माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं, लपवत नाही. पण त्याच अहवालात हेही आहे की ७३७ विमानांवरच्या अशा स्विचची ही खाच निसटलेली असू शकते, अशी सूचना अमेरिकेच्या विमानसुरक्षा यंत्रणेने, एफएएने, २०१८ मध्ये काढली होती. ती सक्तीची नसल्याने विमान कंपनीने तपासणी केली नव्हती. आणि दहा सेकंदांनी पहिला स्विच, त्यानंतर चार सेकंदांनी दुसरा, परत ‘रन’वर आले, हेही आहे. एवढं सगळं टीव्हीच्या पट्टीत मावत नाही.

उलटं उदाहरण सांगतो. ७ ऑगस्ट २०२०, केरळातलं कोझिकोड. उतरणारं विमान धावपट्टी ओलांडून कोसळलं. त्याचे कॅप्टन दीपक साठे आपले, नागपूरचे. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर तोच मजकूर पाच जणांकडून आला : चाकं उघडली नाहीत, इंधन जाळायला तीन घिरट्या मारल्या, शेवटी इंजिन बंद करून प्रवासी वाचवले. मीही तो पुढे पाठवला. वर्षभराने अंतिम अहवाल आला. पाऊस, मागून वारा, आधीच्या प्रयत्नात साठेंच्या बाजूचा वायपर बंद पडलेला, आणि ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान टेकलं ४,४३८ फूट आत. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण त्यांनाच न्यायचं होतं, याचीही अहवालाने दखल घेतली आहे. कंपनीच्या व्यवस्थेतल्या त्रुटींकडेही बोट दाखवलंय. साठेंना वीर ठरवणारा तो मजकूर आणि आजची ‘पायलटनेच’ची आरोळी, दोन्ही तपासाच्या आधीच तयार होते.

अशा तपासाचे नियम विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, परिशिष्ट १३ मध्ये. पुन्हा तसा अपघात होऊ नये एवढाच हेतू. दोष कुणाचा हे ठरवणं त्याचं काम नव्हे. पहिला अहवाल तीस दिवसांत द्यायचा असतो, म्हणून तो अर्धा असतोच.

बहिणीला म्हणावं, अंतिम अहवाल येईपर्यंत टीव्ही बंद. भाच्याला मात्र कोझिकोडचा पूर्ण अहवाल वाचायला लावा, इंटरनेटवर आहे. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असं म्हटलं होतं. म्हटलं, पण कंट्रोल हाती घेतले नाहीत. भाचा पहिली काही वर्षं त्याच खुर्चीत बसणार आहे.