आधी एनएफएल, मग पीएचडी?

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा अकरावीत, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात लेफ्ट गार्ड (समोरच्यांना अडवणारा लाइनमन), वजन 122 किलो, गणितात हुशार. 'जॉन अर्शेलसारखं आधी एनएफएल, मग एमआयटीत पीएचडी,' असं म्हणतो. एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. बाबांना हा खेळच नको.

ताई, उदाहरण छान निवडलंय त्याने, पण 'आधी-मग' तिथे नव्हतंच. अर्शेलने पेन स्टेट विद्यापीठाकडून खेळता खेळता गणितात बीएस आणि एमएस केलं. 2014 मध्ये एनएफएलच्या बाल्टिमोर रेव्हन्स संघाने त्याला खेळाडू निवडीच्या (ड्राफ्टच्या) पाचव्या फेरीत घेतलं आणि 2016 मध्ये, सीझन नसताना, त्याने एमआयटीत पीएचडी सुरू केली. 2017 च्या जुलैत 26 व्या वर्षी निवृत्त झाला तेव्हा खात्यावर तीनच सीझन होते. पुढचं गणित मात्र तयार होतं. 2021 मध्ये पीएचडी झाली, आता तिथेच शिकवतो.

बाबांची भीती खोटी नाही. लाइनमन हात जमिनीला टेकवून वाकतो आणि प्रत्येक स्नॅपला (चेंडू खेळात येताच) समोरच्यावर आदळतो. कन्कशन (डोक्याला दणका बसून मेंदूला होणारी इजा) एखादंच होतं, पण हे छोटे दणके साठत जातात. 2015 च्या कन्कशननंतर अर्शेललाही काही काळ वरच्या पातळीचं गणित जमेना. म्हणून डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी खेळ बंद. डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत उतरायचं नाही, मग मॅच कितीही मोठी असो.

आता या वर्षाचं काम. डिव्हिजन वनला (कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या गटाला) 16 कोअर कोर्स (शाळेतले ठरावीक मुख्य विषय) लागतात. त्यातले 10 बारावी सुरू होण्याआधी संपलेले हवेत आणि त्या 10 मध्ये 7 इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. मुलं इथेच अडकतात, कारण त्या 10 चे गुण नंतर परत कोर्स करून सुधारता येत नाहीत. किमान जीपीए (गुणांची सरासरी) 2.3 असला तरी तुमच्या मुलाने तो आकडा विसरून बराच वर राहावं. त्याचं गणित आयव्ही लीगच्या (हार्वर्ड, येलसारख्या आठ विद्यापीठांच्या) तोडीचं असेल तर तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, मदत घरच्या उत्पन्नावर ठरते. खुद्द एमआयटीचा संघ डिव्हिजन थ्रीत आहे. तिथे खेळासाठी पैसे नाहीत, पण खेळ आणि गणित दोन्ही एकाच आवारात. बाबांशी बोलताना हे आधी सांगा.

कोच वजन वाढवायला सांगतील. नुसतं खाऊन वाढवू नका, आधी रक्तदाब आणि साखर तपासा. झोपेत मोठ्याने घोरत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

शाळेच्या कौन्सेलरकडून कोअर कोर्सची यादी मागवा आणि ट्रान्सक्रिप्टसोबत (गुणपत्रिकेसोबत) मला पाठवा.