‘मुळे’ कधी लिहावं?

चोपडा तालुक्यातल्या एका शिक्षिकांचा प्रश्न आलाय. गावातल्या आरोग्यसभेसाठी त्या शोधनिबंधांचे गोषवारे मराठीत करतात. त्या विचारतात: “निबंधात ‘अमक्याचा तमक्या आजाराशी संबंध आढळला’ असं असतं. मी सुटसुटीत म्हणून ‘अमक्यामुळे तमका आजार’ लिहिते. अर्थ तोच ना? आणि ‘धोका दुप्पट’ लिहू की ‘जोखीम दुप्पट’?”

मॅडम, अर्थ तोच नाही, आणि दोन्हींत फार मोठं अंतर आहे. ‘मुळे’ हा शब्द ‘मूळ’पासून आलाय. अहिराणीत ळचा य होतो, आपण ‘त्यामुये’ म्हणतो, त्यामुळे आतलं मूळ कानाला चटकन लागत नाही. पण ते तिथे आहे. एखाद्या गोष्टीमुळे आजार झाला असं म्हटलं, की ती गोष्ट आजाराच्या मुळाशी आहे आणि ती नसती तर हा आजार झाला नसता, एवढं सगळं आपण बोलून जातो. ‘आढळला’ हे क्रियापद त्यामानाने फार थोडं सांगतं. पाहिलं तेव्हा दिसलं, इतकंच. ‘आढळला’पासून ‘मुळे’पर्यंत पोचायला साथरोगशास्त्राला, म्हणजे आजार कुणाला आणि का होतात हे शोधणाऱ्या शास्त्राला, कधीकधी वर्षानुवर्षं लागतात, आणि आपण भाषांतर करताना ते अंतर एका शब्दात ओलांडतो.

समजा, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात कुणी पाहणी केली. करप्यासाठी पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारे मजूर एकीकडे आणि जळगावच्या बाजारातले दुकानदार दुसरीकडे. मजुरांमध्ये जुनाट खोकला जास्त निघाला. लगेच ‘फवारणीमुळे खोकला’ लिहायचं? या दोन गटांत फवारणीखेरीज आणखी काय काय वेगळं आहे ते आधी बघावं लागेल. मजुरांत बिडी ओढणारे जास्त असतील, घरात चुलीचा धूर असेल, वयं वेगळी असतील, पूर्वी क्षयरोग होऊन गेलेले असतील. निबंधात या गोष्टींचा हिशेब केलेला आहे का, आणि कोणत्या सुटल्या आहेत, हे वाचल्याशिवाय ‘मुळे’ला हात लावू नये.

आता उलटं घडलं असं धरा. एकाच दिवशी सगळ्यांना विचारलं आणि फवारणी करणाऱ्यांमध्ये खोकला कमी निघाला. हेही सहज होऊ शकतं, कारण ज्याला दम लागतो तो पंप पाठीवर घेणंच सोडतो. तो निंदणीला जातो, नाहीतर घरी बसतो. फवारणीच्या कामावर उरतात ती धडधाकट माणसं. अशा वेळी ‘फवारणीमुळे खोकला कमी होतो’ असं कुणीही लिहिणार नाही, आपल्याला ते लगेच खटकतं. पण पहिल्या वाक्यातला ‘मुळे’ही तेवढ्याच पुराव्यावर उभा होता, तो खटकला नाही, कारण तो आपल्याला आधीपासून पटलेला होता. मला या सगळ्या चर्चेत हीच जागा सर्वांत महत्त्वाची वाटते.

‘मुळे’ कमवावा कसा लागतो, ते रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांच्या १९५० च्या निबंधात दिसतं. लंडनच्या रुग्णालयांतले फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष आणि तुलनेसाठी इतर आजारांचे तितकेच पुरुष त्यांनी घेतले. पहिल्या गटात धूम्रपान न करणारे निघाले २, दुसऱ्यात २७. तरी ते तिथे थांबले नाहीत. मुलाखत घेणाऱ्यांना कुणाला कर्करोग आहे हे ठाऊक होतं, मग त्यांनी त्या रुग्णांना जास्त खोदून विचारलं असेल का? हे तपासायला त्यांच्याकडे एक चांगली संधी होती. काही रुग्णांना मुलाखतीच्या वेळी फुप्फुसाचा कर्करोग आहे असं समजलं गेलं होतं, पण पुढे निदान वेगळंच निघालं. त्यांच्या धूम्रपानाच्या नोंदी पाहिल्या, तर त्या कर्करोग नसलेल्यांसारख्याच होत्या. म्हणजे विचारणाऱ्यांच्या मनातल्या समजुतीने आकडे फिरवले नव्हते. मग त्यांनी विचारलं, आजारामुळेच माणसं सिगारेटकडे वळतात असं तर नाही? किंवा दोन्हींच्या मागे तिसरंच काही कारण असेल तर? या शंकांना उत्तरं दिल्यावरच धूम्रपान हा रोग निर्माण होण्यातला महत्त्वाचा घटक आहे, असं त्यांनी लिहिलं. पुढे १९५१ पासून त्यांनी ब्रिटनमधल्या सुमारे ४०,००० डॉक्टरांच्या सवयी आधी नोंदवून घेतल्या आणि मग कोण कशाने दगावतं याचा माग ठेवला. सवय आधी आणि आजार नंतर, हा क्रम त्यातून पक्का झाला. हिल यांनी १९६५ मध्ये संबंधावरून कारणाकडे जाताना काय काय तपासावं याचे नऊ मुद्दे मांडले, त्यांत हा क्रमही आहे. मात्रा वाढली की आजारही वाढतो का, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांत तेच दिसतं का, हेही आहे. ‘तंबाखूमुळे कर्करोग’ आपण आज बिनधास्त लिहितो, ते या कष्टांच्या जोरावर.

आता ‘धोका’ की ‘जोखीम’. आपल्याकडे ‘अंगावर जोखीम घेऊन प्रवास करू नका’ म्हणतात तेव्हा सोनंनाणं अभिप्रेत असतं. ‘धोका’ खानदेशात फसवणुकीच्या अर्थानेही चालतो, बऱ्हाणपूरकडे जावं तसा जास्तच. तरीही सभेत ‘धोका’च म्हणा, लोकांना तो कळतो. माझी हरकत ‘दुप्पट’ला आहे. कशाच्या दुप्पट? १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट होतो, असा इशारा दिला गेला. प्रत्यक्षात तो ७,००० बायकांत एकीवरून ७,००० त दोघींवर गेला होता. घाबरून अनेकींनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, हे त्या गडबडीत मागेच राहिलं. ‘दुप्पट’ खोटं नव्हतं, अपुरं होतं. म्हणून ‘हजारात इतक्यांऐवजी इतके’ असंच लिहा. फक्त एक लक्षात ठेवा: डॉल-हिल यांच्या १९५० च्या पाहणीसारखी, रुग्ण आधी निवडून केलेली पाहणी असेल, तर त्यातून हजारी आकडा थेट निघत नाही, कारण रुग्ण किती घ्यायचे हे संशोधकांनीच ठरवलेलं असतं. तो आकडा दुसरीकडून मिळवावा लागतो.

‘प्रमाण’ शब्दही जपून. नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासण्या वाढल्या आणि नोंदी वाढल्या, तर ‘सिकलसेलचं प्रमाण वाढलं’ हे वाक्य चुकीची भीती घालतं. तो आजार जन्मतः असतो. रुग्ण आधीही होते, आता सापडले. शिवाय उपचारांनी माणसं जास्त जगली तरी एकूण रुग्णांचा आकडा वाढतोच. म्हणून ‘नव्याने झालेले’ आणि ‘सध्या असलेले एकूण’ असं फोडून लिहावं.

‘लक्षणीय’बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गोषवाऱ्यांत तो हमखास येतो. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ ‘खूप’ असा नाही. मुळात काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता कमी, एवढाच आहे. फरक अगदी किरकोळ असूनही तो लक्षणीय असू शकतो, माणसं पुरेशी मोजली की झालं.

सभेतल्या कागदासाठी मराठीची ‘जे-ते’ची घडण वापरा. ती लांब वाटते, पण कुणाची कुणाशी तुलना झाली ते तिच्यात लपवता येत नाही. ‘जे फवारणी करतात त्यांच्यात, न करणाऱ्या त्याच वयाच्या शेतमजुरांपेक्षा, जुनाट खोकला जास्त आढळला, बिडीचा फरक लक्षात घेऊनही तो जास्तच राहिला.’ शेवटचा तुकडा निबंधात असेल तरच लिहा. नसेल तर ‘बिडी कोण ओढतं हे या पाहणीत विचारलेलं नाही’ असं स्पष्ट लिहा. आणि पंप पाठीवर घेताना तोंडाला रुमाल-मास्क बांधा, हे सांगायला ‘मुळे’ची वाट बघायची गरज नाही, ते वेगळ्या वाक्यात, सल्ला म्हणून लिहा.