महामंदीची धास्ती आणि गृहकर्जाची घाई

प्रश्न : मी ४४ वर्षांचा असून भोसरीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. हातात पगार ८५,००० रुपये येतो. घरखर्च ३८,००० आणि गृहकर्जाचा हप्ता ३४,००० रुपये आहे. कर्ज ३१ लाख बाकी असून व्याज साडेआठ टक्के, बदलत्या दराने आहे. एका सहकारी बँकेत माझ्या नावे १४ लाखांच्या ठेवी आणि म्युच्युअल फंडात ९ लाख आहेत. मुलगी अकरावीत आहे. १९२९ सारखी महामंदी येणार असे सारखे कानावर येते. त्याआधी सगळे मोडून २३ लाख कर्जात भरावेत का?

उत्तर : स. न. वि. वि. कर्जाची भीती वाटणे चुकीचे नाही. मात्र आपण योजलेला उपाय आपल्याला त्याच संकटाच्या तोंडी देईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या वेळी अमेरिकेतील फारच थोड्या कुटुंबांकडे शेअर होते. सामान्य माणसाचे कंबरडे मोडले ते पुढच्या तीन-चार वर्षांत, जेव्हा सुमारे ९,००० बँका बुडाल्या, उरलेल्यांनी कर्ज देणे आखडते घेतले आणि १९३३ पर्यंत दर चार कामगारांमागे एक बेकार झाला. वस्तूंचे भाव पाव हिश्श्याने उतरले, पगार उतरले, पण कर्जाचा आकडा जिथल्या तिथे राहिला. आपल्याकडे शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले, तरी सावकाराचे देणे आणि सरकारचा सारा कमी झाला नाही. १९३१ नंतर घराघरांतले सोने विकले जाऊन देशाबाहेर गेले, त्यामागे ही ओढाताण मोठ्या प्रमाणावर होती. अर्व्हिंग फिशर या अर्थतज्ज्ञाने १९३३ मध्येच दाखवून दिले होते, की सगळे एकाच वेळी कर्ज फेडण्यासाठी मालमत्ता विकू लागले की भाव आणखी पडतात आणि उरलेले कर्ज पूर्वीपेक्षा जड होते.

याची छोटी आवृत्ती आपण २०१९ मध्ये भोसरी-चाकण पट्ट्यात पाहिली असेल. वाहनविक्री घटली तेव्हा आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग तिसरी पाळी, मग कंत्राटी मुले गावी परतली आणि त्यांच्या खोल्यांचे भाडे व मेसचे डबे थांबले. त्या मेसवाल्या बाईंनी शेअर बाजाराचे नावही काढले नसेल, पण मंदी त्यांच्या चुलीपर्यंत पोहोचली. एकाने हात आखडला की दुसऱ्याची मिळकत घटते. मोठी मंदी अशीच पसरते, आणि तीत माणूस अडचणीत येतो तो पगार थांबला असताना हप्ता चालू राहिल्यामुळे.

आता आपला हिशोब पाहू. २३ लाख भरल्यावर ८ लाख कर्ज उरेल. पण आपण वेगळे सांगितले नाही, तर बँक सहसा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते. म्हणजे कर्ज सुमारे २६ महिन्यांत फिटेल खरे, पण दरमहा ३४,००० द्यावेच लागतील. चौथ्या महिन्यात नोकरी गेली, तर घरखर्चासह ७२,००० रुपयांची गरज समोर आणि हाताशी काहीही नाही, अशी अवस्था होईल. कर्जात भरलेला पैसा बँक सहजासहजी परत देत नाही, आणि बिनपगारी माणसाला नवे कर्ज तर मुळीच देत नाही.

म्हणून ठेवींपैकी ९ लाख बाजूला राहू द्यावेत. ती वर्षभराची शिदोरी आहे. उरलेले ५ लाख कर्जात जरूर भरावेत, पण मुदत तीच ठेवून हप्ता कमी करण्याचा अर्ज द्यावा. हप्ता सुमारे २८,५०० वर येईल आणि तीच शिदोरी साडेतेरा महिने पुरेल. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही. ठेव मोडताना मात्र व्याज थोडे कापले जाईल, तेव्हा ज्या पावतीची मुदत जवळ आली आहे ती आधी वापरावी.

आपल्या पत्रातील सर्वांत काळजीची गोष्ट मला वेगळीच वाटली : १४ लाख एकाच बँकेत आहेत. ठेवविम्याचे संरक्षण दर ठेवीदारास, दर बँकेत, व्याजासह ५ लाखांपर्यंतच आहे. माझ्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांच्या सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक घेऊन ते सकाळी सातपासून शाखेच्या पायरीवर बसत. निवृत्तीची सगळी पुंजी तिथेच होती आणि तेव्हा विमा १ लाखाचाच होता. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आपण या बँकेत साडेचार लाखांपेक्षा अधिक ठेवू नये; बाकीचे दुसऱ्या बँकेत, शक्यतो राष्ट्रीयीकृत, हलवावेत.

फंडांना सरसकट हात लावू नये. मुलीच्या पदवीच्या प्रवेशाला दोन वर्षेही उरलेली नाहीत. त्या फीपुरती रक्कम समभाग फंडातून काढून ठेवीत टाकावी, बाकीची तशीच राहू द्यावी. अमेरिकी बाजाराला १९२९ ची पातळी पुन्हा गाठायला १९५४ उजाडले, त्यामुळे नजीकच्या खर्चाचा पैसा तिथे ठेवणे मला मान्य नाही.

कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबरच संपतो. कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी नोकरी चालू असतानाच घ्यावी. आणि हप्ता कमी करण्याचा अर्ज तोंडी देऊ नका : दोन प्रती काढा, एकीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या, आणि पुढच्या महिन्यात खात्यातून खरोखर किती रक्कम वळती झाली ते पाहा.