अल्पविश्वास कोणाचा?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, चर्चच्या आवारातील एका खोलीत मी दर गुरुवारी समुपदेशनासाठी बसते. तिथे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा कानावर येतो: प्रार्थना करूनही आजार जात नाही, तर आमचा विश्वास कमी पडतो आहे का, आणि औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे आहे का? या प्रश्नाचे उत्तर मला पूर्वीपासून ठाऊक होते. पण ज्याच्या घरात आजारी लेकरू आहे, त्याला पेलेल अशा रीतीने ते कसे द्यावे, हे मी एका आईमुळे शिकले. तिची परवानगी घेऊन, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, हा अनुभव लिहीत आहे.

तिच्या अकरा वर्षांच्या मुलीला सिकलसेल आहे. विदर्भाच्या पूर्व भागात हा आजार अपरिचित नाही. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत, पाठीत, छातीत असह्य वेदना उठतात. सरकारी रुग्णालयातून मिळणारी हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल आणि फॉलिक ॲसिडची गोळी मुलगी दोन वर्षे नियमित घेत होती आणि बऱ्यापैकी शाळेतही जात होती. मग एका नातेवाइकाच्या आग्रहावरून हे कुटुंब शेजारच्या तालुक्यातील चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या सभेला, गेले. मुलीच्या वेदनांचा तो चौथा दिवस होता. उपदेशकांनी तेल लावले, डोक्यावर हात ठेवला आणि मुलगी बरी झाल्याचे जाहीर केले. दोन दिवसांत वेदना खरोखरच थांबल्या. पुढच्या सभेत आईने साक्ष दिली. तिला सांगण्यात आले की आता आजाराचे नाव तोंडाने उच्चारायचे नाही, कारण जे आपण बोलतो तेच घडते. आणि बरे झाल्यावरही कॅप्सूल देत राहणे म्हणजे सैतानासाठी दार उघडे ठेवणे आहे. शिवाय आशीर्वाद टिकण्यासाठी ‘विश्वासाचे बी’ म्हणून १५,००० रुपये पेरायचे होते. ते तिने महिला बचत गटातून उचलले.

सुमारे अडीच महिन्यांनी मुलीला ताप, छातीत दुखणे आणि धाप या अवस्थेत जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागले आणि तिला रक्त चढवावे लागले. उपदेशकांना फोन केला तेव्हा उत्तर मिळाले की घरातल्या कोणाच्या तरी मनात शंका होती, आणि या घराण्यावर वाडवडिलांचा शाप आहे तो अजून तुटलेला नाही.

माझ्यासमोर बसल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मी पोरीले लपून एक गोळी देली होती जी. त्याच्यानंच झालं काय हे?”

मुलगी रात्रभर कण्हत होती म्हणून तिने नवऱ्याच्या आणि सासूच्या नकळत, मधल्या काळात एकदाच, उरलेल्या पाकिटातली एक कॅप्सूल दिली होती. लेकराला औषध दिल्याचा अपराध ती पापासारखा उराशी बाळगून होती.

त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. मला राग आला आणि मी म्हणाले की तो माणूस तुम्हाला फसवतो आहे. त्यानंतर तीन गुरुवार ती आली नाही. नंतर विचार करताना माझ्या लक्षात आले की मुलगी आजारी असताना तिच्या घरी जाऊन खाटेजवळ बसलेला, तिच्या नावाने प्रार्थना केलेला तोच एकटा माणूस होता. आमच्या जुन्या, प्रस्थापित मंडळीतून कोणी गेले नव्हते. रुग्णालयात रांग असते, गाडीभाड्याला पैसे लागतात, डॉक्टरांना दोन मिनिटांच्या वर वेळ नसतो. अशा वेळी जो मायेने हात धरतो त्याची शिकवण माणूस तपासून घेत नाही. या शिकवणीवर टीका करणाऱ्या आम्हा ख्रिस्ती लोकांनी ही गोष्ट आधी स्वतःच्या पदरात घ्यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

गावातल्या आशाताईंच्या, म्हणजे आरोग्य कार्यकर्तीच्या, मध्यस्थीने ती पुन्हा आली, आणि या वेळी मी उपदेशकाचे नावही न काढता आजारापासून सुरुवात केली. सिकलसेलच्या वेदनांचा झटका येतो आणि बहुतेक वेळा काही दिवसांत ओसरतो. चौथ्या दिवशी प्रार्थना झाली आणि सहाव्या दिवशी वेदना थांबल्या, यात कोणी खोटे बोलले असे मानण्याची गरज नाही. कॅप्सूल बंद केल्यावर तिचा परिणाम लगेच संपत नाही, काही आठवडे टिकतो. म्हणून औषधाशिवाय मुलगी ठणठणीत दिसली, साक्ष खरी वाटली, आणि परिणाम ओसरल्यावर झटका आला. चोरून दिलेल्या त्या एका गोळीने झटका आणला नव्हता, न दिलेल्या गोळ्यांनी तो आणला होता. हे ऐकून ती रडली, आणि मी तिला रडू दिले.

शापाची गोष्ट अधिक नाजूक होती, कारण हा आजार खरोखरच आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ही रक्तातली वारसाहक्काची गोष्ट आहे, तिच्यात कोणाच्या पापाचा हिशेब नाही. यहेज्केलाच्या १८व्या अध्यायात देव स्वतः सांगतो की बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही. योहानाच्या ९व्या अध्यायात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. तिने तो भाग माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

मग आम्ही मूळ प्रश्नाकडे वळलो. मत्तयाच्या १७व्या अध्यायात एक बाप आपल्या फेफरेकरी मुलाला घेऊन येतो. शिष्यांनी प्रयत्न केलेला असतो आणि त्यांना मुलाला बरे करता आलेले नसते. येशू मुलाला बरे करतो, आणि शिष्य एकान्तात विचारतात की आम्हाला हे का जमले नाही. उत्तर येते, “तुमच्या अल्पविश्वासामुळे.” मी तिला विचारले, हा शब्द येशूने कोणाला उद्देशून वापरला? मुलाला? त्याच्या बापाला? ती थोडा वेळ पानाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “प्रार्थना करनाऱ्याइले.”

हा प्रसंग मी अनेक वर्षे वाचत आले होते, पण त्याची ही बाजू तिच्यासोबत वाचतानाच माझ्यासमोर पूर्ण उघडली. आजारी माणूस बरा झाला नाही तेव्हा शास्त्राने अल्पविश्वासाचा ठपका बरे करायला निघालेल्यांवर ठेवला आहे, खाटेवरच्या रुग्णावर किंवा त्याच्या रडणाऱ्या आईबापावर नाही. मार्काने सांगितलेल्या याच प्रसंगात बाप तर उघडपणे कबूल करतो, “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.” एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर त्याचे लेकरू बरे होते. बेथेसदाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाला तर आपल्याला कोणी बरे केले हेदेखील माहीत नव्हते. “तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे” हे वाक्य शुभवर्तमानांत आहे, हे मी तिच्यापासून लपवले नाही. परंतु ते बरे झालेल्या स्त्रीला दिलेले कौतुकाचे, धीराचे वाक्य आहे. बऱ्या न झालेल्या आईवर उगारायची काठी म्हणून ते वापरणे हा त्या शब्दांवर अन्याय आहे.

औषधाविषयी फार बोलावे लागले नाही. हिज्कीया राजाने प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. पौलाच्या हातून अनेक जण बरे झाले होते, पण तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीसाठी त्याने थोडा द्राक्षारस सुचवला, आणि त्रफिमाला मिलेतात आजारी सोडून यावे लागले हे त्याने सरळ लिहून ठेवले. त्रफिमाचा विश्वास कमी होता, असे त्याने लिहिलेले नाही.

पुढच्या भेटीला तिचे पती आले. त्यांची चार एकर कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर. त्यांना पैशांविषयी बोलायचे होते. देवाला आधी ‘बी’ द्यावे म्हणजे अनेक पटींनी पीक मिळते, ही कल्पना अमेरिकेतील ओरल रॉबर्ट्स या प्रचारकाने लोकप्रिय केली. तोंडाने कबूल केलेले आरोग्य आणि संपत्ती विश्वासणाऱ्याला मिळालीच पाहिजे, ही शिकवण तिथल्याच ई. डब्ल्यू. केन्यन आणि त्यांच्यामागून केनेथ हेगिन यांनी पसरवली. हे मी त्यांना थोडक्यात सांगितले, कारण ही शिकवण पवित्र शास्त्राइतकीच जुनी आहे अशी त्यांची समजूत होती. तिला विरोध करणारे लोक चमत्कार न मानणारे आहेत, असेही त्यांना सांगण्यात आले होते. वास्तविक असेंब्लीज ऑफ गॉड हा पेंटेकॉस्टल पंथ रोग्यांसाठी आजही हात ठेवून प्रार्थना करतो, आणि त्याच पंथाने १९८० साली या ‘कबुली’च्या शिकवणीविरुद्ध अधिकृत निवेदन काढले. २००८ आणि २००९ मध्ये घानातील आक्रोपाँग येथे लोझान या जागतिक ख्रिस्ती चळवळीतील आफ्रिकन अभ्यासकांनी एकत्र बसून जे निवेदन तयार केले, त्यात देवाचे सामर्थ्य मान्य करूनच ते माणसाच्या युक्त्यांनी हुकमी चालवता येते ही कल्पना नाकारली आहे. ते लिहिणारी माणसेही गरिबी जवळून पाहिलेली होती.

पती शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले की दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये पहिल्या पावसावर पेरले, पुढे पंधरा दिवस थेंब पडला नाही, आणि दुबार पेरणी करावी लागली. पेरले की उगवतेच, असे त्यांच्या शेतात तरी घडत नाही. आम्ही करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा ९वा अध्याय उघडला, कारण पेरणीचे ते वचन तिथलेच आहे. पौल तिथे यरुशलेमेतील गरजू विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करत आहे, आणि कोणी दुःखाने किंवा भाग पडल्यामुळे देऊ नये असे बजावत आहे. पैसा गरिबांकडे चालला होता. कर्ज काढलेल्या बाईकडून उपदेशकाकडे जाणारा पैसा त्या अध्यायात बसत नाही. कुष्ठरोगी सेनापती नामान बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याने त्याने देऊ केलेली भेटवस्तू नाकारली आणि मागून धावत जाऊन ती घेणाऱ्या गेहजी या अलीशाच्या चाकराला शिक्षा झाली, हेही त्यांनी स्वतःच आठवून सांगितले.

सासूबाई मात्र राजी नव्हत्या. खऱ्या विश्वासणाऱ्यांची लेकरे आजाराने जात नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याशी मी वचनांवर वाद घातला नाही. पंडिता रमाबाईंचे नाव त्यांनी ऐकले होते. रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे आध्यात्मिक जागरण झाले त्याची ख्याती जगभर पसरली. ज्या बाईने शेकडो अनाथ मुली आणि विधवा प्रार्थनेच्या बळावर सांभाळल्या, तिची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली. रमाबाई स्वतः पुढच्या वर्षी गेल्या. “त्यांचा विश्वास कमी होता काय, आजी?” एवढेच मी विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, पण त्या दिवसानंतर सुनेला गोळ्या लपवून ठेवाव्या लागल्या नाहीत.

सर्व काही सुरळीत झाले, असे लिहिणे खरे होणार नाही. बचत गटाचे हप्ते अजून चालू आहेत, आणि पैसे परत मागण्याची पतींची तयारी नाही. मुलीला या हिवाळ्यात पुन्हा एक झटका आला, तो मात्र घरीच, भरपूर पाणी, ऊब आणि डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर निभावला. चंगाई सभेला ते कुटुंब आता जात नाही. माझ्या विनंतीवरून आमच्या मंडळीतील दोन स्त्रिया दर आठवड्याला त्यांच्या घरी जाऊन मुलीजवळ बसतात आणि तिच्यासाठी प्रार्थना करतात.

गेल्या महिन्यात गावातील प्रार्थना सभेत साक्षीची वेळ आली तेव्हा ती उभी राहिली. मी मागे बसले होते. ती म्हणाली, “माही पोरगी बरी झाली नाही. गोळ्या चालू आहेत. देव सोबत आहे. तुम्ही प्रार्थना करा,” आणि खाली बसली. सभा संपल्यावर दोन बाया तिला दाराशी थांबवून हळू आवाजात काही विचारत होत्या, आणि त्यांतल्या एकीच्या हातात सिकलसेलचे कार्ड होते.