केक करायची आवड आहे, घरच्यांच्या मदतीने त्याचा व्यवसाय होईल का?

नक्की होईल, पण कामं आधी वाटून घ्या. आमच्याकडे क्रीम आणि सजावट माझी. ऑर्डर वहीत उतरवणं सासूबाईंचं, पोहोचवणं नवऱ्याचं. नाव, चव, वजन, एगलेस की अंड्याचा, किती वाजता हवा, हे सगळं त्या फोनवर पुन्हा वाचून दाखवतात. केकवर नाव चुकलं तर वाढदिवसाचा विरस होतो हो!

एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची नोंदणी घरून विकणाऱ्यांनाही लागते. छोट्या व्यवसायाला ती वर्षाला १०० रुपयांत मिळते, ऑनलाइन होते. पहिली ऑर्डर घेण्याआधीच करा.

दर ठरवताना फक्त मैदा-क्रीम धरू नका. खोका, बोर्ड, वीज, पेट्रोल आणि तुमचे तास, सगळं धरा. नातेवाइकांनाही तोच दर. हे अवघड जातं, तरी ठाम राहा.

मुंबईच्या दमटपणात क्रीम लवकर ढिली पडते. फ्रीजरमधली क्रीम फ्रीजमध्ये सावकाश वितळू द्या, भांडंही गार करा, मगच फेटा. फाँडंट (सजावटीसाठी मळलेला साखरेचा गोळा) फ्रीजमधून बाहेर काढला की त्याला पाणी सुटतं, म्हणून त्याची फुलं-बाहुल्या शेवटी लावा. दोन मजली केक स्कूटरवरून अजिबात नेऊ नका, रिक्षा करा आणि तिचं भाडं गिऱ्हाइकाला आधीच सांगा.