बर्फ पाह्यले कधी जावं, भाऊ?

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकबद्दल चार ओळी काय लिहिल्या, तेव्हापासून प्रश्नांचा ढीग लागला आहे. आमच्याकडे दिवाळीनंतर कापूस वेचायला माणूस मिळत नाही, पण ट्रेकला जाणारे पोट्टे गावागावात निघून राहिले, हे मला आत्ता कळलं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातले पाच घेतो.

प्रश्न : भाऊ, आम्ही पाच मित्र 24 डिसेंबरला केदारकंठाला चाललो. तिकिटं झाली, पैसे भरले. आता एक जण म्हणते तिथं बर्फच नाही, अन् बुकिंगवाला तर कमरेइतक्या बर्फाचे फोटो पाठवून राहिला. खरं कोणाचं समजावं? (दारव्हा, जि. यवतमाळ)

दोघंही खरं बोलत असतील. फोटो खोटा नसतो रे, फक्त तो फेब्रुवारीतला असतो. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतो तो पश्चिमी झंझावातामुळे, म्हणजे भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे जी ओली हवा सरकत येते तिच्यामुळे. आली तर एका रात्रीत दोन फूट, नाही आली तर महिनाभर नुसतं कोरडं ऊन. आपल्या मृगासारखंच आहे, नक्षत्र लागलं म्हणून पाऊस पडतोच असं कुठं आहे. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गला ऐन सीझनमध्ये पिवळं गवत दिसत होतं, बर्फ आला तो महिना संपता संपता. 2025 मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत ठरल्या होत्या, त्या बर्फ नाही म्हणून पुढे ढकलल्या आणि मार्चमध्ये झाल्या. गुलमर्ग 2650 मीटरवर आहे, स्कीइंगसाठी देशभरातून लोक जातात, तिथं ही गत.

आता तुमचं. केदारकंठाचा माथा 3810 मीटर आणि बेस गाव सांक्री साधारण 1950 मीटरवर. एक किलोमीटर वर चढलं की तापमान सरासरी साडेसहा डिग्री उतरतं, म्हणजे सांक्रीत आणि माथ्यावर बाराएक डिग्रीचा फरक, त्यामुळे सांक्रीत रिमझिम पाऊस असेल तेव्हा वर बर्फ पडत असू शकतो आणि गावात कोरडं दिसलं म्हणून वरही कोरडं असं नसतं. बुकिंगवाल्याला फोटो मागू नका. त्याला तीन गोष्टी विचारा : शेवटचा बर्फ कोणत्या तारखेला पडला, पायवाटेवर बर्फ कुठून सुरू होतो, आणि वाटेतलं जुडा का तालाब हे तळं गोठलं का. तिसऱ्या प्रश्नावर तो "हां हां सब है" म्हणाला तर समजून जा की त्यालाच माहीत नाही, आणि सरळ सांक्रीतल्या एखाद्या गाइडला फोन लावा.

तिकिटं झालीच आहेत तर जा, ट्रेक तसाही सुंदर आहे. पण ज्यांचं अजून ठरायचं आहे आणि ज्यांना बर्फच पाहिजे त्यांनी जानेवारी अखेर ते फेब्रुवारी धरावा, तोपर्यंत दोन-चार झंझावात येऊन गेलेले असतात आणि थर साचलेला असतो.

आणि एक, जीन्स घालून जाऊ नका. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आत कॉटनची बनियन, वर जीन्स, पायात सुती मोजे. कापसाच्या जिल्ह्यातला माणूस, दुसरं काय घालणार! कापूस पाणी धरून ठेवतो, एकदा घामानं किंवा बर्फानं ओला झाला की तिथं वाळतच नाही, दुपारी तीनला माझी बोटं अशी बधीर झाली की बुटाची नाडी गाइडनं सोडून दिली. लोकरीचे नाहीतर सिंथेटिक मोजे घ्या, तीन जोड्या.

प्रश्न : मी आधी चौकशी केली तेव्हा वर चार फूट बर्फ सांगितला, आठ दिवसांनी गेलो तर अडीच फूट. थंडी तर कडाक्याची होती, मग वितळला कसा? की आधीच थाप मारली होती? (हिंगणघाट, जि. वर्धा)

थाप नाही, वितळलाही नाही. दबला.

तुमच्याकडे वेचणीचा कापूस खोलीत टाकतात ना? पहिल्या दिवशी छताला टेकतो. मग पोट्टे त्याच्यावर उड्या मारतात, वरून आणखी ओझी पडतात, आणि आठवड्यानं बघावं तर तोच कापूस खिडकीच्या खाली. तोलला तर तेवढाच भरतो. ताजा बर्फ असाच असतो, त्यात बहुतेक हवाच. एक फूट ताजा बर्फ वितळवला तर इंच-सव्वा इंच पाणी निघतं, तोच बर्फ महिना दोन महिने दबून बसला की एका फुटातून चार इंचापर्यंत निघू शकतं. म्हणून तिकडे पाण्याचा हिशोब करणारे लोक फुटात समाधान मानत नाहीत, बर्फाचं वजन करतात.

खरी गोष्ट याच्या पुढे आहे. बर्फ एकाच जातीचा ढीग नसतो, प्रत्येक वेळी पडलेल्याचा वेगळा थर बसतो, आणि खालचा थर कसा आहे यावर सगळं अवलंबून. बर्फ थोडाच असेल आणि वर हवा उणे पंधरा-वीस असेल तर गंमत अशी होते की जमिनीलगतचा भाग शून्याच्या आसपास उबदार राहतो आणि वरचा कडक गार, या फरकामुळे खालून वाफ वर सरकते आणि खालचे कण बदलून जाड्या साखरेसारखे सुटे होतात. मुठीत दाबा, गोळाच होत नाही. त्याच्यावर मग जोराचा बर्फ पडला, वाऱ्यानं घट्ट बसला, की झाली तयारी. तुरीच्या कुटाराच्या उतरत्या ढिगावर ओली जड ताडपत्री टाकून वर एखाद्यानं पाय दिला तर काय होईल ते डोळ्यासमोर आणा. सगळी ताडपत्री एकदम सुटते. हिमस्खलनाचा सगळ्यात वाईट प्रकार हाच.

म्हणून "यंदा बर्फ कमी आहे, धोका नाही" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पातळ बर्फ आणि लांबलेली कोरडी थंडी हीच तो साखरेचा थर बनवते.

बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सपाटीवर बर्फ घसरत नाही, फार उभ्या कड्यावर साचतच नाही. मोठा बर्फ पडून गेल्यावरचा पहिला दिवस-दीड दिवस, जोराचा वारा, अचानक चढलेलं ऊन, यात अशा उताराखाली थांबून सेल्फी काढायची नाही. चालताना पायाखाली "धप्प" असा पोकळ आवाज आला किंवा पावलापासून भेग पळत गेली तर तिथून मागे फिरायचं, पैसे गेले तर जाऊ द्या. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तरकाशीच्या द्रौपदी का डांडा शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली, त्यात 27 जण गेले आणि दोघं बेपत्ता राहिले. ती शिकलेली, दोर बांधलेली माणसं होती, आपण तर चिखलदऱ्याला गाविलगड चढून धापा टाकतो. चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, निघायच्या आधी ते आणि हवामान खात्याचा अंदाज दोन्ही बघायचे.

प्रश्न : सर, मी शिक्षिका आहे. फेब्रुवारीत मिस्टरांसोबत हिमाचलमधलं स्पिती खोरं पाहायचं ठरत आहे. नकाशात मनालीकडून तिथलं काझा गाव जवळ दिसते आणि आता बोगदाही झाला, मग सगळे शिमल्याकडून काऊन जातात? (मूल, जि. चंद्रपूर)

ताई, बोगद्यामुळेच बऱ्याच लोकांची फसगत होते. अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झाला, 9 किलोमीटरचा आहे, त्यानं रोहतांगची खिंड चुकते हे खरं. पण तो तुम्हाला स्पितीच्या शेजारच्या लाहौलमध्ये सोडतो. पुढे स्पितीत उतरायला साडेचार हजार मीटरच्या वरची कुंझुम खिंड आहेच, आणि ती हिवाळाभर बर्फानं बंद असते. म्हणून शिमला, रामपूर, किन्नौर, नाको, ताबो करत काझा. लांब पडतं, पण शरीराला तेच मानवतं, कारण 2200 मीटरच्या शिमल्यापासून मुक्काम करत करत साडेतीन हजारांच्या वर जाता. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात. डोकं दुखून मळमळलं तर वर जायचं नाही, चाल झोकांडली किंवा बसल्या जागी दम लागला तर रात्र असो की दिवस, खाली उतरायचं. आपल्याकडे अशा वेळी कापूर हुंगायला देतात, त्याच्या भरवशावर राहू नका.

स्पिती म्हणजे चारही बाजूंनी डोंगर आणि मधे उंचावर ठेवलेली परात. पावसाळी ढग पलीकडेच अडतात म्हणून तिथं जवळजवळ वाळवंट, जे काही पाणी आहे ते हिवाळ्यातल्या बर्फाचं. तिथले शेतकरी त्याच वितळत्या पाण्याच्या पाटावर वाटाणा आणि जव घेतात. फेब्रुवारीत रात्री उणे वीसच्या खाली जातं, नळ गोठतात, होमस्टेमध्ये बादलीभर पाणी मोजून मिळतं. हे चालत असेल तर जा, काझाजवळच्या किब्बर गावाकडे नशीब असेल तर हिमबिबट्या दिसतो. परतीला मात्र दोन दिवस राखीव ठेवा, रस्ता बंद झाला की शाळेची रजा वाढवायला नेटवर्कही नसतं.

प्रश्न : बर्फात गॉगल खरंच लागतो का फोटोपुरता? (दर्यापूर, जि. अमरावती)

लागतो. ताजा बर्फ उन्हातली 80 टक्क्यांच्या वर अतिनील किरणं परत तोंडावर फेकतो, डोळ्याचा वरचा पडदा भाजतो आणि संध्याकाळी डोळ्यात तिखट गेल्यासारखं होतं. जत्रेतला काळा गॉगल चालत नाही, यूव्ही 400 लिहिलेला आणि बाजूनं झाकलेला पाहिजे. नाकाच्या खालून पण क्रीम लावा, ऊन तिथं खालून येतं.

प्रश्न : तुम्ही बर्फाचे गोडवे गाऊन राहिले, इकडं आमचा हरभरा गारपिटीनं झोपला. त्या हिमालयातल्या बर्फाचा आमाले काय उपयोग? आपल्या नदीले तरी येते का ते पाणी? (कारंजा, जि. वाशिम)

काका, नदीला नाही येत. वर्धा निघते मुलताईजवळ, वैनगंगा शिवनीकडून, दोन्ही पावसाच्या. बर्फाचं पाणी गंगा, सिंधूकडे, आणि तिकडेही 2025 चा हिवाळा वाईट गेला, काठमांडूच्या इसिमोड संस्थेनं हिंदुकुश-हिमालयात बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा 23.6 टक्के कमी मोजलं, 23 वर्षांतलं सगळ्यात कमी.

पण तुमचा राग बरोबर पत्त्यावर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये जो झंझावात तिकडे बर्फ टाकतो त्याची शेपटी कधी कधी खूप खाली येते, वरच्या थरात गार कोरडी हवा आणते, खाली बंगालच्या उपसागराकडून ओलं वारं आलेलं असतं आणि दोन्ही आपल्या डोक्यावर भेटतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाडा असाच झोडपला गेला होता. त्यामुळे त्या दिवसांत टीव्हीवर "काश्मीरमध्ये जोरदार बर्फवृष्टी, पर्यटक खूश" अशी बातमी दिसली की आमच्या घरी वडील आधी नागपूरच्या हवामान खात्याचा अंदाज लावतात, आणि काढलेला हरभरा उघड्यावर असेल तर ताडपत्री शोधायला उठतात.